शेत मोजले, शेड राहिली : कुरकुंभ, रांजणगाव आणि अमली पदार्थांविरुद्धच्या लढ्याचा धडा

१/
पुणे-सोलापूर महामार्गावरचे कुरकुंभ हे दौंड तालुक्यातील गाव. आधी फिरंगाईदेवीच्या देवस्थानामुळे आणि नंतर रासायनिक एमआयडीसीमुळे ते ओळखले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र त्याचे नाव वेगळ्याच कारणाने देशभर पोहोचले. पुणे शहर पोलिसांनी तेथील एका कारखान्यावर छापा घातला आणि मेफेड्रोन, म्हणजे बाजारातल्या भाषेत 'एमडी', याचा शेकडो किलोंचा साठा हाती लागला. या छाप्यामागे आठ वर्षांचा एक इतिहास आहे आणि दोनशे वर्षांचा दुसरा. हा थ्रेड त्या दोन्हींचा.

२/
पुण्याच्या सोमवार पेठेत सुरू झालेली ती कारवाई विश्रांतवाडीचे गोदाम, कुरकुंभ, दिल्ली आणि सांगलीजवळचे कुपवाड अशी पसरत गेली. एकूण जप्ती सतराशे किलोंहून अधिक आणि पोलिसांनी सांगितलेली किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांहून अधिक. कायद्याच्या लेखी मेफेड्रोनचे ५० ग्रॅम हे 'व्यावसायिक प्रमाण' ठरते आणि त्यासाठी किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. या मापाने मोजल्यास ही जप्ती त्या प्रमाणाच्या चौतीस हजार पटींची होती. तपासात पुढे केंद्राची नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो, अर्थात एनसीबी, हीदेखील उतरली.

३/
या घटनेचे गांभीर्य आकड्यापेक्षा पत्त्यात अधिक आहे. २०१६ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने याच कुरकुंभ वसाहतीतील एका कारखान्यातून मेफेड्रोन पकडले होते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो एमडी पकडले. तेव्हा तपासाचा माग शिरूर तालुक्यातील रांजणगाव एमआयडीसीपर्यंत गेला. २०२४ मध्ये पुन्हा कुरकुंभ. इतकेच नव्हे, २०२४ च्या प्रकरणातील एका संशयिताचे नाव २०१६ च्या प्रकरणातही होते, असे पोलिसांनी सांगितले. कोण दोषी, याचा निवाडा न्यायालय करील. पण प्रश्न त्या निवाड्याची वाट पाहत थांबत नाही.

४/
प्रश्न असा : एकाच औद्योगिक वसाहतीत आठ वर्षांत दोनदा एकच विष सापडते, याचा अर्थ काय? पहिल्या छाप्यानंतर माणसे पकडली गेली आणि माल जप्त झाला. पण तो माल जिथे तयार झाला ती व्यवस्था जशीच्या तशी उभी राहिली. जप्तीचा आकडा हा विजयाचा पुरावा मानण्याची सवय शासनाला, माध्यमांना आणि वाचकांनाही लागली आहे. ही सवय चुकीची आहे, हे इतिहासाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले आहे. आणि त्या कथेत मुंबई बंदर मध्यभागी आहे.

५/
एकोणिसाव्या शतकात बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू मात्र शिंदे-होळकरांसारख्या संस्थानिकांच्या मुलखात पिकत असे. ते शेत कंपनीच्या हाती नव्हते. म्हणून मुंबई बंदराकडे जाणाऱ्या मालावर तिने परवाना शुल्क बसवले. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीकडची पळवाट बंद झाली आणि हे शुल्क चढत गेले. जमशेटजी जीजीभाईंसारख्या थोर दानशूरांच्या संपत्तीतही कापसाबरोबर या अफूचा वाटा होता. मुंबईच्या उभारणीचा हा भाग सहसा सांगितला जात नाही.

६/
ही अफू चीनमध्ये उतरत असे. १८३९ मध्ये चिनी सम्राटाचा आयुक्त लिन झेशू कँटनला आला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या. त्यांत माळव्याची, म्हणजे मुंबईहून गेलेली अफूही होती. हुमेन येथे मोठे खंदक खोदून, चुना, मीठ आणि पाणी घालून ती सारी नष्ट करण्यात आली आणि समुद्रात सोडून देण्यात आली. दरवर्षी २६ जूनला पाळला जाणारा अमली पदार्थविरोधी दिन या घटनेच्या स्मरणाशी जोडला जातो. संयुक्त राष्ट्रांनी तो १९८७ मध्ये जाहीर केला.

७/
लिन झेशूच्या प्रामाणिकपणाविषयी इतिहासकारांत फारसे दुमत नाही. तरीही त्याच्या जप्तीने काय साधले? ब्रिटनने युद्ध पुकारले, १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि अफूचा व्यापार पूर्वीपेक्षा वाढला. जप्त झालेल्या पेट्यांची जागा पुढच्या हंगामाने भरून काढली, कारण माळव्याचे आणि बिहारचे शेत जसे होते तसेच होते. उगम शाबूत असेल, तर जप्ती म्हणजे पुढच्या खेपेचा भाव वाढवणारी घटना ठरते.

८/
ओघ आटला तो वेगळ्या मार्गाने. १९०७ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात करार झाला : हिंदुस्थानातून होणारी निर्यात दरवर्षी एक दशांशाने कमी करायची आणि चीननेही स्वतःची लागवड त्याच प्रमाणात घटवायची. १९१३ मध्ये ही निर्यात थांबली. पुढे चीनमध्ये लष्करशहांच्या काळात खसखशीची शेते पुन्हा डोलू लागली, हेही खरे. पण त्यानेही तोच नियम सिद्ध झाला. उगमावरचे नियंत्रण टिकले तोवर ओघ आटला आणि नियंत्रण सुटताच तो परतला.

९/
स्वतंत्र भारताने हा धडा शेतापुरता नीट गिरवला. १९५० मध्ये केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोची स्थापना झाली. तिचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. औषधांसाठी लागणारी अफू मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांतच, परवान्यानेच पिकवता येते. शेतकऱ्याला काही आरांचा तुकडा मिळतो आणि तो अधिकारी येऊन मोजतात. बोंडांना चिरा देण्याच्या दिवसांत गावचा लंबरदार रोजच्या रोज वजन नोंदवतो. ठरलेल्या उताऱ्यापेक्षा उत्पन्न कमी भरले, तर पुढल्या वर्षीचा परवाना धोक्यात येतो.

१०/
या व्यवस्थेत गळती होत नाही असे नाही. तरीही तिचे तत्त्व स्पष्ट आहे : कोणाच्या शेतात किती पिकणार, याची नोंद माल तयार होण्यापूर्वीच राज्याकडे असते. अफूच्या झाडाला पाणी, ऊन आणि काही महिने लागतात. ते लपत नाही. विसाव्या शतकातील सारा अमली पदार्थविरोधी विचार अशा वनस्पतींभोवती घडला : अफू, गांजा, कोका. शेत, वाट, बंदर, सीमा ही त्याची चौकट. याच चौकटीत १९८५ चा एनडीपीएस कायदा आला.

११/
तो कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला आणि त्यानुसार १७ मार्च १९८६ रोजी एनसीबीची स्थापना झाली. पोलीस, सीमाशुल्क, महसूल गुप्तचर, राज्यांची खाती आणि परदेशी यंत्रणा यांच्यात समन्वय साधणे हे तिचे मूळ काम. वृत्तवाहिन्यांनी तिची प्रतिमा छापे घालणाऱ्या पथकाची करून ठेवली असली, तरी कायद्याने तिला दिलेली मुख्य भूमिका निरनिराळ्या खात्यांकडची माहिती जुळवणाऱ्याची आहे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

१२/
त्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते उभे केले. तेव्हा शहरात 'गर्द'ने तरुण घरे पोखरायला सुरुवात केली होती. दिल्लीत पुरवठा रोखणारी संस्था आणि पुण्यात माणूस सावरणारी संस्था एकाच वर्षी जन्मल्या. पैकी पहिलीचे छापे बातम्यांत राहिले, दुसरीचे काम घराघरांत राहिले. लढाईला दोन्ही हात लागतात, हे त्या वर्षानेच सांगून ठेवले होते.

१३/
मेफेड्रोन या चौकटीत बसत नाही. प्रयोगशाळेत ते प्रथम १९२९ मध्ये तयार झाले आणि विस्मरणात गेले. २००३ च्या सुमारास त्याचा पुन्हा शोध लागला आणि काही वर्षांतच युरोपातील मौजमजेच्या बाजारात ते पसरले. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. भारतात ते ५ फेब्रुवारी २०१५ रोजी एनडीपीएस कायद्याच्या यादीत आले. तोवर ते बाळगणाऱ्यावर या कायद्याखाली कारवाई करणेच शक्य नव्हते. कुरकुंभचा पहिला छापा त्यानंतर वर्ष-दीड वर्षातला.

१४/
या पदार्थाला शेत लागत नाही, हंगाम लागत नाही, सीमा ओलांडावी लागत नाही. त्याला लागते एक शेड, एक रिॲक्टर, वीज, पाणी, सांडपाण्याची वाट आणि रसायनशास्त्र जाणणारा एक माणूस. हे सारे जिथे कायदेशीररीत्या आधीच उपलब्ध असते, अशा जागेला महाराष्ट्रात एमआयडीसी म्हणतात. औषधनिर्मितीत देशात अग्रेसर असणे हे राज्याचे भूषण आहे. त्याच भूषणाची सावली म्हणजे कुरकुंभ आणि रांजणगावची ही प्रकरणे.

१५/
शिरूर आणि दौंड हे तालुके या धंद्याला सोयीचे का, हे नकाशाच सांगतो. शिरूर पुणे-अहिल्यानगर महामार्गावर, कुरकुंभ पुणे-सोलापूर महामार्गावर. दौंड हे दक्षिणेकडे आणि मनमाडकडे फुटणारे रेल्वे जंक्शन. रांजणगाव अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान, वर्दळ बारमाही. ट्रकभर पिंपे आली-गेली तरी कोणाचे लक्ष जाऊ नये इतकी वाहतूक. गंमत म्हणावी की खंत, दौंड शहरात राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. बंदूकधारी बळ हाकेच्या अंतरावर असूनही या प्रश्नावर ते निरुपयोगी ठरते, कारण उणीव आहे ती नोंदींची.

१६/
कोणत्याही जुन्या रासायनिक वसाहतीत एक दृश्य ओळखीचे असते. आजारी पडलेला कारखाना, थकलेले कर्ज, बंद फाटक आणि मग कोणीतरी येऊन भाड्याने घेतलेली शेड. पाटीवर एक उत्पादन, आत दुसरे, ही शक्यता अशा जागी सर्वांत मोठी. एनडीपीएस कायद्याचे कलम २५ जागामालकाला जबाबदार धरते. पण त्याने 'जाणूनबुजून' जागा वापरू दिली, हे सिद्ध करावे लागते. आत काय चालते हे न विचारणे हाच मग सर्वांत सुरक्षित व्यवहार ठरतो. पोती भरणारा रोजंदारीचा मजूरही विचारत नाही; त्याला तो अधिकारच नसतो.

१७/
आणि तरीही राज्याला माहिती नसते असे नाही. ती विखुरलेली असते. कारखान्याने कोणते उत्पादन किती करायचे, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात लिहिलेले असते. शेड कोणाच्या नावावर आहे, हे एमआयडीसी जाणते. कामगारांची आणि यंत्रांची नोंद औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे, विजेचा वापर महावितरणकडे, रसायनांच्या खरेदीचा माग जीएसटी आणि ई-वे बिलांत. बंद म्हणून नोंदलेल्या कारखान्याचे वीजबिल वाढले, तर ते कोणाला दिसावे? आज ते एका कार्यालयाला दिसते आणि त्याचा अर्थ दुसऱ्याच कार्यालयाला कळू शकतो.

१८/
हे तुकडे जोडण्यासाठी नवा कायदा लागत नाही. केंद्राने २०१६ मध्ये 'एनकॉर्ड' ही समन्वय यंत्रणा उभी केली. तिचा सर्वांत खालचा स्तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीचा आहे. राज्याने २०२३ मध्ये अमली पदार्थविरोधी कृती दल उभारण्याचा निर्णय घेतला. पुणे जिल्ह्यातील समितीने कुरकुंभ आणि रांजणगाव या दोन वसाहतींपुरती तरी एक साधी यादी करावी : बंद, भाड्याने दिलेल्या, मालकी बदललेल्या रासायनिक शेडची. दर तीन महिन्यांनी संमतिपत्र, वीजबिल आणि खरेदी यांचा ताळा घ्यावा. लंबरदार बोंडांबाबत जे करतो, तेच रिॲक्टरबाबत.

१९/
यावर एक रास्त आक्षेप आहे. मेफेड्रोनसाठी लागणारी पुष्कळशी रसायने रोजच्या औषधनिर्मितीतही लागतात. २०१३ च्या आदेशाने काही मोजक्या पूर्वगामी रसायनांवर नोंदणी आणि हिशेब सक्तीचे केले आहेत. ती यादी वाढवत नेली तर लहान उद्योजक परवान्यांच्या जाळ्यात गुदमरेल आणि तपासनीसाला चिरीमिरीचे नवे कुरण मिळेल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच प्रत्येक पिंपाला परवाना हा मार्ग नव्हे. सरकारजमा झालेल्या कागदांचाच ताळा घ्यावा. त्यात प्रामाणिक कारखान्याला एकही नवा अर्ज भरावा लागत नाही. उलट बदनाम वसाहतीचा सर्वांत मोठा तोटा त्यालाच होतो.

२०/
दुसरा आक्षेप असा की, हे काम एनसीबीने करावे, तिला अधिक माणसे आणि अधिकार द्यावेत. माणसे जरूर द्यावीत. पण अधिकारांच्या बळावर खटले टिकत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, एनडीपीएस कायद्याखाली तपास करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. नागरिकाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. त्यामुळे आता यंत्रणेला कागद, नमुने आणि साखळी यांवरच उभे राहावे लागते. उगमाकडच्या नोंदी हाच त्या साखळीचा पहिला दुवा.

२१/
एक नोंद मात्र कोणत्याच कार्यालयात नीट ठेवली जात नाही : गावकऱ्याची. कुरकुंभ आणि आसपासच्या वाड्यांतील लोक वर्षानुवर्षे विहिरीच्या पाण्याविषयी आणि रात्रीच्या उग्र वासाविषयी तक्रारी करत आले आहेत. या तक्रारींकडे पर्यावरणाचे गाऱ्हाणे म्हणून पाहिले गेले आणि त्या फायलींत पडून राहिल्या. घोषित उत्पादनाशी न जुळणारे सांडपाणी कोणत्या नाल्यात उतरते, हे ज्याच्या गाईगुरांना तेथे पाणी प्यावे लागते त्याला सर्वांआधी कळते. त्याचे म्हणणे ऐकणे हे न्यायाचे आहेच, पण तपासाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे आहे.

२२/
पुरवठ्याबद्दल इतके बोलल्यावर मागणीबद्दल मौन बाळगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्स'च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले की, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणतातरी उपचार मिळतो. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देते. पण मुलगा तुरुंगात जाईल या भीतीने घरचे लोक दार लावून घेतात. 'मानस'ची १९३३ आणि व्यसनमुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइन अशाच घरांसाठी आहे. एमआयडीसीच्या फाटकावर हे क्रमांक छापायला खर्च किती येईल?

२३/
यंत्रणेचे यश मोजण्याचे माप बदलावे लागेल. आज ते किलो आणि कोटी यांत मोजले जाते. म्हणजे जितका माल आधी तयार झाला, तितके यश मोठे. सतराशे किलोंच्या जप्तीचे कौतुक करताना हेही मान्य करावे लागते की, सतराशे किलो तयार होईपर्यंत कोणीही थांबवले नव्हते. पोलिसांचे कष्ट कमी लेखण्याचा हा हेतू नाही. त्यांनी शेवटच्या टप्प्यावर ते केले, जे पहिल्या टप्प्यावर इतर पाच-सहा खात्यांना कमी श्रमांत करता आले असते. खरे माप एकच : तोच पत्ता पुन्हा बातमीत आला का?

२४/
लिन झेशूने हुमेनच्या खंदकांत अफू बुडवली, तेव्हा माळव्यात पुढचे पीक घेणारे शेत तसेच उभे होते. ते शेत मोजायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. कुरकुंभच्या शेडबाबत इतका वेळ हाताशी नाही. २०१६ आणि २०२४ यांत अंतर अवघे आठ वर्षांचे. जप्तीचा पंचनामा संपला की फाटकाला सील लागते, पत्रकार परततात आणि काही वर्षांनी शेजारच्या प्लॉटवर नवी पाटी लागते. ती पाटी लागेल त्या दिवशी कोणीतरी जुने कागद काढून पाहील का, यावर शिरूर-दौंडच्या पुढल्या पिढीचे बरेच काही अवलंबून आहे.

(समाप्त)